कार्डावर न मावलेलं

नंदुरबार,
२ डिसेंबर १९६४

प्रिय सुपडू,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. रोज उत्तर लिहायला घेतो आणि शाळेच्या वह्या तपासत बसतो. इथं गावाबाहेर मोकळ्या मैदानातल्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली आहे, सगळं गाव शिंकतंय. गिरणीतल्या धुळीनं लागलेला तुझा खोकला कमी झाला का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक काम घेतलं होतं. मुंबईचे एक प्राध्यापक गणकयंत्राला आपली भाषा शिकवू पाहतात. शब्दांचे अर्थ यंत्राला देता येतात, पण 'त्याने हात वर केले' म्हटलं की ते खरेच वर गेलेले हात समजतं, म्हणाले. म्हणून लोकांच्या तोंडची अशी वाक्यं हवी होती. एका कार्डावर एक, खाली अर्थ. मी पहिल्यांदा तुझ्याच घरी गेलो. तुझ्या आईसारखं, तापीमायसारखं, बोलणारं दुसरं कोण होतं? ओट्यावर तूर निवडता निवडता तिनं चार दिवसांत साठेक वाक्यं दिली. मी कार्ड काढलं की हसायची, "तुन्हा यंतरले भूक लागस का रे?"

पाचव्या दिवशी मी म्हटलं, माय, आता अंगाबद्दलचं सांग. तिनं सूप खाली ठेवलं. "घागर उचली का छातीवर धोंडा ठेवेल सारखं व्हस, भाऊ. आंगले घाम सुटस." मला वाटलं, सुरतेला गेलेल्या लेकाची, तुझी, आठवण बोलतेय. कार्ड लहान, म्हणून घागर आणि घाम गाळला. लिहिलं, 'छातीवर धोंडा ठेवणे: दुःख मुकाट सोसणे.' वर म्हटलं, वा माय, झकास! ती माझ्याकडे बघत राहिली, मग सूप उचलून आत गेली. श्रावणात ती विहिरीवर भरल्या घागरीसकट पडली ती उठलीच नाही, ते तुला मी काय सांगू?

दिवाळीत कार्डं घेऊन मुंबईला गेलो. प्राध्यापक म्हणाले, वाक्य एकटं देऊन भागत नाही, शेजारचे शब्दही यंत्राला द्यावे लागतील. जवळ लेक, निरोप असेल तर ते दुःख. घाम, दम असेल तर खरीच छाती. मग ते कार्ड हातात धरून त्यांनी विचारलं, "ही बाई याच्या आधी काय बोलली होती?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "डॉक्टरला दाखवलं होतं का?"

सुपडू, तू लिहिलंस की माय कुणालाच काही बोलली नाही, आणि एका चुलीवर असून कौसावहिनीला मायचं दुखणं दिसलं नाही, म्हणून तिला खापरला माहेरी धाडलंस. माय बोलली होती. मला बोलली होती. कौसावहिनी तेव्हा शेतात होती. तिच्या कानावर पडतं तर तिनं घागर हातातून काढून घेतली असती. तेराव्याला तुझ्याशेजारी बसलो होतो तेव्हाच मला शंका आली होती, आणि मी गप्प राहिलो. यापुढे माझं तोंड पाहू नये असं वाटलं तर पाहू नकोस. पण हे पत्र वाचून झालं की खापरची एसटी धर, कौसावहिनीची माफी माग आणि तिला घरी आण.

अजूनही तुझाच,
गिरधर