दिसला की, तात्या!

प्रिय तात्या,

तुम्ही लबाड निघालात! तुम्हाला जाऊन वर्ष झालं आणि तुमची लबाडी मला काल कळली. तेही आईकडून, तुमच्या वर्षश्राद्धाची पंगत उठल्यावर. माणूस समोर असता तर दोन शब्द सुनावले असते. पण तुम्ही फोटोत बसून मिशीत हसताय, तुमच्याशी भांडायचं तरी कसं? म्हणून हे पत्र. उद्या सकाळी मला पुन्हा औरंगाबादची फेरी आहे. त्याआधी हे बोलून टाकायचंय.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुम्हाला नाही म्हणायला जागा राहणार नाही.

तीस वर्षं तुम्ही माळशेज घाटातून कल्याणची एसटी नेली-आणली. मी पायलट व्हायचं म्हटलं तेव्हा सगळं आळे गाव हसलं, तुम्ही नाही हसलात. पारावर सांगितलंत, “डायवरचं पोरगं डायवरच व्हनार. हे जरा वरनं चालवंल, एवढंच!” त्या एका वाक्यावर मी शिकलो, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

पण नोकरी लागल्यावर माझी जी उलटतपासणी घेतलीत, ती कुठल्या परीक्षकानंही घेतली नाही. “घाट न्हाई, खड्डा न्हाई, म्हशी आडव्या येत न्हाईत. मंग एवढा पगार कशाचा देत्यात?” मी हवामान सांगितलं, वारा सांगितला. तुम्ही म्हणालात, “वारा आमालाबी लागत व्हता.” दर सहा महिन्यांनी माझी परीक्षा असते हे ऐकून तर तुम्ही चाटच पडलात. “परत परत? पयल्यांदा नीट शिकिवलं न्हाई का?”

काय सांगू त्या परीक्षेचं, तात्या! एका खोलीत खोटं विमान असतं. त्यात बसवतात, एक इंजिन बंद पाडतात, दुसऱ्यातून धूर काढतात, समोर धुकं सोडतात, आणि मागे बसलेला परीक्षक शांतपणे चहा पितो. वर डॉक्टरी तपासणी वेगळीच. डोळे, कान, रक्त, वजन. जत्रेत दोन दिवस मटणावर ताव मारला की पुढचा महिनाभर मी काकडी खात फिरायचो. आणि विमानाला उशीर झाला की लोक असे बघतात, जणू धुकं मीच घरून डब्यात आणलंय. तुमची गाडी बंद पडली की लोक निदान खाली उतरून धक्का तरी द्यायचे!

सुखही होतं, नाही कशाला म्हणू? पावसाळ्यात माळशेजवर ढग साचतात. त्याच ढगात तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढून, पावलापावलानं गाडी रेटायचात. मी त्याच्या वरून, ऊन खात जातो. दर वेळी मला तुमचं ते भिजलेलं डोकं आठवतं आणि थोडी लाजच वाटते.

तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वेगळाच होता. “समोरनं इमान आलं तर हात करतो का न्हाई?”

एसटीचे ड्रायव्हर समोरासमोर आले की हात करतात, तसं. मी समजावलं, “तात्या, ते हजार फूट वर नाहीतर खाली असतं. दिसेपर्यंत निघूनही गेलेलं असतं.”

“मंग काय झालं? आपण हात करायचा. त्यानं बगितला का न्हाई, त्येचं त्येच्यापाशी.”

यातूनच ते आरशाचं सुरू झालं. सकाळचं आमचं पंख्याचं विमान मुंबईहून औरंगाबादला जाताना आळेफाट्याच्या वरच्या अंगानं जातं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या पांढऱ्या तबकड्या उजव्या हाताला दिसल्या की आपलं गाव आलं, अशी माझी खूण. हे मी बोलून बसलो आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी गच्चीवर ताडपत्री अंथरलीत. चार कोपऱ्यांना चार विटा. मला काहीच दिसलं नाही, आणि तेव्हा मी तसं खरं सांगितलंही. मग तुम्ही पेटीतून आरसा काढलात. निवृत्त होताना डेपोतल्या मेकॅनिकनी तुम्हाला भंगारातल्या गाडीचा बाजूचा आरसा दिला होता, तो.

“तीस वर्सं ह्यात मागचं बगितलं,” तुम्ही म्हणालात, “आता वरचं बगू.”

आणि दिसला हो! तबकड्यांच्या अलीकडे, काडी ओढावी तसा लखकन उजेड. मी एवढ्यानं ओरडलो की शेजारचे कॅप्टन दचकले. उतरल्याबरोबर एसटीडी बूथवरून फोन केला. “दिसला का?” “दिसला की, तात्या!” पलीकडे तुम्ही आईला ओरडून सांगितलेलं मला बूथमध्ये ऐकू आलं.

तेव्हापासून आपला नेमच झाला. आठवड्यातून तीन-चार सकाळी माझी ती फेरी असायची. आदल्या दिवशी मी वेळ कळवायचो, तुम्ही आरसा पुसून तयार. उतरलो की फोन.

आणि मग घात झाला. मला बढती मिळाली!

तुम्ही आळेफाट्यावर पेढे वाटलेत. “आता गाडी ह्येच्या ताब्यात!” पण तात्या, को-पायलट उजवीकडे बसतो आणि कॅप्टन डावीकडे. जाताना गाव उजवीकडे. म्हणजे ज्या दिवशी मी कॅप्टन झालो, त्या दिवशी आपली गच्ची माझ्या खिडकीतून गेली. मधे शेजारच्याचं डोकं, त्याच्या कानांवरचे हेडफोन आणि पंख्याचं धूड. पहिल्या दिवशी मान लांब करकरून बघितलं. काही नाही. उतरलो. फोन लावला.

“दिसला का?”

पेढ्यांचा बॉक्स अजून घरात होता, तात्या. मी काय बोलणार? “दिसला की!”

झालं. एकदा बोललो ते बोललो. तुम्हाला वाटेल, शेजारच्या पोराला विचारायचं होतं. विचारलं की! एकाला म्हटलं, “उजवीकडे आरसा चमकतोय का बघ.” त्यानं माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

बरं, यावर उपाय किती सोपा होता! येताना गाव माझ्या बाजूला येतं. “तात्या, नऊ वाजता दाखवा,” एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर आधीची सगळी थाप उघडी पडली असती. मग येताना मी नुसता बघत यायचो. तबकड्या दिसायच्या, गाव दिसायचं, पण उजेड नाही. तोवर तुम्ही खाली उतरून न्याहारीला बसलेले असायचात. हे मला फार लागायचं. विमान एवढं अचूक उतरवणाऱ्या माणसाला एक वाक्य बोलता येईना!

मग तुम्ही एकदा माझ्या विमानात बसलात. त्या दिवसाचा आनंद मी जन्मात विसरणार नाही, आणि शरमही. विमानाच्या नाकाला बांधायला तुम्ही लिंबू-मिरची आणली होती, ती तपासणीत काढून घेतली. तुम्ही त्या शिपायाला म्हणालात, “मंग तुमी तरी बांधा, राव.” आत बसल्यावर हवाई सुंदरीला विचारलंत, “डबल बेल तुमी देता का?” उतरल्यावर सगळ्यांदेखत निकाल दिलात, “चालवतो बरा. बिरेक उशिरा लावला.” मी चिडलो होतो. मागून वारा होता, तात्या! ब्रेक अगदी वेळेवर लावला होता.

प्रवासी उतरल्यावर मी तुम्हाला पुढे आमच्या केबिनमध्ये आणलं. तुम्ही माझ्या सीटकडे बघितलंत, मग पलीकडच्या खिडकीकडे बघितलंत. “डायवर डाव्या अंगाला बसतो व्हय!” एवढंच म्हणालात. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर तुमचे प्रश्न वाढले. “आज तीनदा दाखिवला, किती दिसला?” मी म्हणायचो, “तीनदाच.” एकदा म्हणालात, “आज आरशाला हिरवं फडकं लावलं व्हतं. कसा दिसला?” मी म्हटलं, “हिरवट होता जरा.” तुम्ही म्हणालात, “असंल, असंल.” आणि फोनवर खोकल्याची उबळ आली तुम्हाला. मी काळजीनं औषध पाठवलं!

काल आई ताटं गोळा करताना मी म्हटलं, तात्यांचा गच्चीवरचा आरसा मला दे. तिला सगळं कबूल करायचं मनात होतं. तर ती म्हणाली, “गच्चीवर कुठला? तीन वर्सं पेटीतच हाये त्यो.”

मला कळेना. मग तिनं सांगितलं. माझ्या विमानातून आलात त्याच संध्याकाळी तुम्ही तिला म्हणालात, “सुन्याच्या शिटावरनं आपलं घर दिसत न्हाई. म्या डायवर हाये, मला कळतंय.” पुढच्या फेरीला तुम्ही गच्चीवर चढलातच नाही. खाली चहा पीत बसलात. फोन आला. “दिसला की, तात्या!” तुम्ही इतके हसलात म्हणे, की बशीतला चहा धोतरावर सांडला.

आणि तुम्ही जाईपर्यंत, दोन वर्षं, दर फेरीला तेच! हिरवं फडकंसुद्धा नव्हतं! खोकला नव्हता, हसू होतं ते! ते औषध शेवटी शेजारच्या गणपतकाकांनी प्यायलं, असंही आई म्हणाली.

मी आईवरच चिडलो. “मग मला बोलले का नाहीत?”

आई ताटं ठेवून खाली बसली. म्हणाली, “म्या म्हनले व्हते, सांगून टाका पोराला. तर मला म्हनले, सांगितलं तर फोन कशाला करंल त्यो? त्याला काय कमी कामं हायेत?”

तात्या, मला वाटत होतं, थाप मारून मी तुमचं मन राखतोय. मी नुसताही फोन केला असता हो. आरशाशिवायही केला असता. असं आज म्हणतो खरा. पण केला असता का? ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखलं होतंत.

काल रात्री आईनं पेटी उघडली, आरसा पदरानं पुसला आणि म्हणाली, “परवाच्या फेरीला म्या चढते वर. पन येताना दाखवीन, नऊला. तुझ्या अंगाला.” मग दारातून वळून म्हणाली, “आन खरं सांगायचं.”

तेव्हा तात्या, हा माझा शब्द. उजेड दिसला तर दिसला म्हणेन, नाही दिसला तर नाही म्हणेन, पण उतरल्यावर आईला फोन करेन. सुट्टी असेल, विमान उडालं नसेल, त्या दिवशीही करेन. आणि खोडदच्या तबकड्या डाव्या हाताला आल्या की हात करेन. शेजारचं पोरगं काय म्हणायचं ते म्हणो. तुम्ही बघितला का नाही, ते तुमचं तुमच्यापाशी.

तुमचा,
सुन्या

ता. क. खरंच सांगायचं ठरवलंय, म्हणून लिहितो. त्या दिवशी ब्रेक उशिराच लागला होता.