तळघरातले झरोके

प्रिय शेंडेफळ,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. न वाचता फाडलंस तर तुझ्या दारात येऊन कान पिळीन, तुझी बायको बघत असली तरी.

आई थंडीत बसली आहे. घर गरम ठेवणारा बॉयलर बंद. बाबांनी पूर्वी फोडलेली लाकडं अंगणात रचलेली आहेत, त्यांनाही हात लावू देत नाही. स्वयंपाकघरात कोट घालून बसते, बोटं निळी पडली आहेत. मी शेगडी पेटवली की उठून पाणी ओतते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हा हिवाळा काही त्या काढायच्या नाहीत.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. बाबांचा खांदा गेला, कुऱ्हाड उचलवेना, म्हणून तू बॉयलरमध्ये जाळायला लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या त्या कांड्या आणल्यास, तळघर भरून. बाबांनी आधी नाक मुरडलं, ही कसली गुरांची पेंड म्हणून. मग शेजाऱ्यांना बोलावून दाखवायला लागले, लेकाने आणलंय! त्या दिवशी फावडं घेऊन ढीग सारखा करायला उतरले, ते वर आलेच नाहीत. ना धूर, ना वास. न पेटवलेल्या कांड्याही विषारी वायू सोडतात, हवा कोंडली की माणूस जातो, हे बॉयलरवाल्याने आपल्याला नंतर सांगितलं. दोन्ही झरोके चिंध्यांनी बुजवलेले होते. बाबांनीच बुजवले असणार, आणि मी त्यांना बजावायला हवं होतं, असं म्हणत तू गेलास तो गेलासच.

अरे वेड्या, ते आईने बुजवले. ओल लागली की कांड्यांचा भुगा होतो, हे कुणीतरी तिला सांगितलं. मग बाबांना पुन्हा कुऱ्हाड धरावी लागेल, ही धास्ती. काल माझ्या कुशीत शिरून लहान मुलासारखी रडली. यात तिचा दोष नाही हे मी हजारदा समजावलं, तिला पटत नाही. त्या चिंध्या तिच्या जुन्या शालीच्या होत्या. तू त्या हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होतास, आठवतं? तुला काही उमगलं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण आई धरून बसली आहे की तू शाल ओळखलीस, आणि म्हणूनच तिचं तोंड बघायला येत नाहीस.

निघ.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई