तीसपैकी तीस गुण कमी करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
माध्यमिक विभाग, दुसरा मजला.

विषय: मुलीचे रसायनशास्त्र प्रात्यक्षिकाचे गुण पंधराच्या खाली आणण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार एकोणीस वर्षे शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. त्याची थोरली मुलगी याच शाळेतून प्रात्यक्षिकात तीसपैकी तीस गुण मिळवून विद्यापीठात गेली. तेथे पहिल्याच दिवशी तिने ब्युरेटच्या काचनळीची तोटी उघडी ठेवून वरून आम्ल ओतले. ते सगळे ओट्यावर सांडले व वर्ग हसला. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "बाबा, मला सगळ्यांची नावं येतात, आकृत्या येतात. हात कुठे लावायचा ते कुणी शिकवलंच नाही."

अर्जदाराला तेव्हा स्वतःचीच शिसारी आली, ती अद्याप गेलेली नाही. कारण आतली गोष्ट त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. काचसामान फुटू नये म्हणून शाळेतले कपाट वर्षभर बंद असते. दर बुधवारी विज्ञानाचे सर निरीक्षणे उत्तरासकट फळ्यावर लिहितात व मुले ती जर्नलात उतरवतात. तीन आकड्यांपैकी एक आकडा सर मुद्दाम जरासा चुकीचा देतात, म्हणजे प्रयोग खरा वाटावा. तपासणीच्या दिवशी सकाळी अर्जदार चार चंचुपात्रे नळाखाली ओली करून ओट्यावर मांडतो आणि नोंदवहीत 'प्रयोग झाला' लिहून सही ठोकतो. शाळेच्या माहितीपत्रकात याला 'विद्यापीठाची पूर्वतयारी' म्हटले आहे. वाचून तोंड कडू होते.

विद्यापीठात कच्च्या मुलांसाठी पायाभूत प्रात्यक्षिक वर्ग आहे. तो न केल्यास मुलगी सत्राच्या चाचणीत नापास होऊन तिचा प्रवेश रद्द होणार, हे उघड आहे. परंतु तो वर्ग शाळेत पंधराहून कमी गुण असलेल्यांनाच मिळतो. खिडकीवरच्या लिपिकाने तिची गुणपत्रिका पाहिली आणि दुसऱ्याची जागा अडवू नकोस म्हणून तिला वाटेला लावले.

अर्जदार मुख्याध्यापकांकडे गेला. गुण वाढवून मागणारे रोज येतात, कमी करून मागणारा बाप पहिलाच, असे म्हणून ते पोट धरून हसले व त्यांनी हात झटकले. आपल्या कार्यालयाने कळवले की, प्रयोग झाल्याच्या नोंदीवर परिचराची सही असल्याने तक्रारीत तथ्य नाही. शंका असल्यास संबंधित परिचराचा लेखी खुलासा घेऊन सादर करावा. त्यानुसार अर्जदाराने स्वतःकडून खुलासा घेतला आहे. संबंधित परिचर प्रथम टाळाटाळ करीत होता, पण अखेर कबूल झाला.

खोट्या नोंदीपायी नोकरी जाते, हे अर्जदार जाणून आहे. बायको म्हणते, तुमचं डोकं फिरलंय, धाकटी अजून नववीत आहे. धाकटीचे जर्नलही फार सुबक आहे, ते पाहून अर्जदाराला जेवण जात नाही.

आपल्या कार्यालयात चौकशीला सहा महिने लागतात असे कळते. तेवढा वेळ नाही. वर्ग सोमवारी सुरू होतो. परिचर दोषी ठरल्याशिवाय मुलीचे गुण कमी होणार नाहीत, आणि गुण कमी झाल्याशिवाय तिला वर्गात बसू देणार नाहीत. तरी मेहेरबान साहेबांनी कृपाळू होऊन अर्जदारास शनिवारच्या आत नोकरीवरून काढावे, ही विनंती.

आपला नम्र व तूर्तास सेवेत असलेला,
(सही)
प्रयोगशाळा परिचर
दिनांक: गुरुवार, कार्यालय उघडताच

सोबत:
१. परिचराचा कबुलीजबाब
२. प्रयोगशाळा नोंदवही, मूळ प्रत
३. मुलीची गुणपत्रिका