कोरा बगळा

बाबा,

वीस वर्षांनी काल प्रदर्शनात तुमचं नरखेडच्या संत्राबागेचं चित्र पाहिलं. त्यातला कोरा बगळा मीच रंगवला होता. तुम्ही रंगवायचं विसरले असं वाटलं, म्हणून शाळेचा पांढरा पोस्टर कलर फासला. जलरंगात पांढऱ्यासाठी कागदच कोरा सोडतात, हे तिसरीतल्या पोरीले काय माहीत! दुसऱ्याच दिवशी तुम्ही चित्र घेऊन घर सोडलं. मले कितीक वर्षं वाटे, त्या बगळ्यामुळंच.

आता तुमचा कागद पिवळा पडला, माझा बगळा तेवढा पांढरा आहे. ओल्या ब्रशनं एका मिनिटात निघाला असता तो. काहून राहू दिला, बाबा?

प्रदर्शनातून तुमचा पत्ता आणला आहे. पाकिटावर लिहायले हात धजत नाही.

प्रणाली
(अजून मनीषनगरच्याच घरी)