खाऊन उरतं

आई, तुझी एक गोष्ट मी शेठला सांगून टाकली. आपल्या घरात ती इतकी वर्षं नीट झाकून ठेवलेली होती. परवा कारखान्याच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या ती माझ्या तोंडून गेली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुला वाटेल. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मी दहावी अर्ध्यावर सोडून मुरबाडच्या एमआयडीसीत, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा त्या वर्षीची भाताची झोडणी नुकती उरकली होती. वरच्या खाचरात आपण थोडी झिनी लावायचो, तिचा तांदूळ बारीक आणि पांढराशुभ्र. ती आपल्या ताटात कधी येत नसे. आपण जाडा तांदूळ खायचो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तोही संपला की रेशनचा, खडे निवडून. तू चुलीपुढे सूप घेऊन बसली आहेस, झिनीतला तुकडा वेगळा काढते आहेस, आणि मी दारात उभा राहून कुरकुर करतो आहे. "कशाला गो न्यायचा शेटला? मी काम करतो तवा पगार देतो ना तो." तू मान वर न करता म्हणतेस, "गप रे. मोठ्या मानसाच्या दारात रिकाम्या हातानं जायाचं नाय. उद्या म्हनतील, घरात खायाला नाय म्हनून पोरगा धाडला." तांदूळ भरायला तू धुतलेल्या धोतराच्या कापडाची पिशवी शिवली होतीस. ती डोक्यावर घेऊन तू गेटपर्यंत आलीस, मी मागे. शेठ स्वतः बाहेर आले, पिशवीत हात घालून दाणे बघितले आणि म्हणाले, "वा! मावशी, किती पिकतं तुमच्याकडे?" तू पदर सारखा केलास. "भरपूर पिकतं, शेट. खाऊन उरतं."

मी खाली बघत होतो. तुझा आवाज जराही हलला नाही. आपल्या गावात हे सगळेच करतात, पाहुण्यापुढे, सोयऱ्यापुढे, साहेबापुढे. कमी आहे असं दाखवायचं नाही. परत येताना तू खुशीत होतीस. त्यानंतर दर वर्षी पिशवी जात राहिली. तू गेलीस त्या सालीही मी नेली, कारण न नेण्याची मला भीती वाटली.

मी घाबरट आहे हे तुला ठाऊकच आहे. अजूनही कडी लावून निघालो की अर्ध्या वाटेवरून परत येऊन बघतो. पण कारखान्यात याच स्वभावाचा उपयोग झाला. साचा बसवला की मी पहिली झाकणं बाटलीवर फिरवून बघायचो, बाटली उलटी करून ठेवायचो, आणि थेंब दिसला की मशीन थांबवायचो. ऑपरेटर चिडायचे, "आला रे थेंबमास्तर." हेल्परचा ऑपरेटर झालो, मग शिफ्टचा इन्चार्ज. वर प्रॉडक्शन मॅनेजर होते ते डोंबिवलीचे, शिकलेले, भले गृहस्थ. मला मालाचा हिशेब आणि माणसं कशी लावायची हे त्यांनीच शिकवलं. त्यांना पगाराशिवाय घरभाडं आणि गाडीचं पेट्रोल मिळायचं. ते वापीला गेले आणि शेठ म्हणाले, तू बघ आता. मी बघू लागलो. माल वेळेवर जात होता, परत येणारी खोकी कमी झाली, केबिनची किल्ली माझ्या खिशात आली. पगार मात्र इन्चार्जचाच राहिला.

गावाला पगार कुठे दिसतो? गावाला केबिन दिसली. गावदेवीच्या पालखीची वर्गणी मागायला आले ते आकडा लिहूनच आले. "तुमी आता मॅनेजर, तुमाला इचारायचं काय?" सुकी मच्छी विकणारी बाई तुझ्या सुनेला म्हणाली, "मॅनेजरच्या घरात बोंबलाचा भाव करतंस व्हय गो?" ही घरी आली ती बोंबील न घेताच, आणि माझ्यावर रुसली. पोरीला ताप चढला तेव्हा कल्याणला न्यायला जीप केली; डॉक्टरांनी घेतले तेवढेच जीपवाल्याने घेतले. इथे खर्च कमी असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठला कमी? भाजी कल्याणहून येते आणि इथे महाग होऊन विकली जाते. हिच्या माहेरी, भातसानगरच्या अलीकडे, धरणाचं पाणी नुसतं डोळ्यांना दिसतं आणि मे महिन्यात टँकरवाल्याला पैसे मोजावे लागतात. घर स्वतःचं आहे हे खरं. कौलं मात्र कुणी फुकट शाकारत नाही.

परवा मी शेठकडे गेलो. आधीच्या साहेबांना होता तो पगार मागितला. ते हसले, रागाने नव्हे. "अरे, ते डोंबिवलीहून यायचे. तू लोकल. घर तुझं, तांदूळ तुझा. तुला खर्च काय रे?" मी म्हणालो, "शेठ, झाकण डोंबिवलीच्या माणसाने बनवलं काय आणि मुरबाडच्या माणसाने बनवलं काय, तुम्ही गिऱ्हाइकाकडून भाव एकच घेता." ते म्हणाले, "बोलायला लागलास." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तुझी आई गेटवर सांगून गेली होती, खाऊन उरतं. आणि दर वर्षी आमच्या घरी येतोच की तुमचा तांदूळ. घरात कमी असलेला माणूस असा वाटतो काय?"

आई, तेव्हा मला कळलं की दर वर्षी मी माझा पगार त्या पिशवीत घालून त्यांच्या गाडीत ठेवत होतो. माझा आवाज तुझ्यासारखाच सरळ आला. मी म्हणालो, "आई खोटं बोलली होती. उरत नव्हतं. तुम्हाला द्यायची ती झिनी आम्ही चाखतही नव्हतो. आम्ही रेशनचा खायचो." शेठ म्हणाले, पगारातला अर्धा फरक देतो. मी केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. "तुमच्या जागी दुसरा आणीन," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा "तुमच्या" म्हणाले. मी म्हटलं, "आणा. त्याला जे द्याल तेच मी मागत होतो."

तुझी अब्रू मी गेटवर नेऊन सांडली असं तुला वाटेल. मला तसं वाटत नाही. आपल्याला कमी होतं यात लाजण्यासारखं काय होतं? आपण उपाशी राहून त्यांना भरलेले दिसलो आणि त्यांनी ते खरं धरलं. त्यांचं चुकलं असेल, पण तसं दाखवलं आपणच. माझ्या पोरीला मी असं नसलेलं दाखवायला शिकवणार नाही. कमी असेल तर कमी आहे म्हणेल, आणि कामाचे पैसे मागेल.

पहिल्या तारखेपासून मी आटगावच्या एका कारखान्यात जाणार आहे. शहापूरला बस बदलावी लागेल. पगार डोंबिवलीच्या साहेबांपेक्षा थोडा कमी, पण मॅनेजरचा आहे आणि बसचं भाडं वेगळं मिळेल. आमच्या शेतात काय पिकतं हे तिथे कुणी विचारलं नाही. ही म्हणाली, "एवढं बोललात तुमी? शेटला?" आणि मग बराच वेळ स्वतःशीच हसत होती.

तू असतीस तर हे घडलं नसतं. तू गेटवर जाऊन हात जोडले असतेस, "पोर चुकला, शेट," म्हणाली असतीस, आणि मी तुझ्या मागे मान खाली घालून उभा राहिलो असतो. तू नाहीस म्हणून मला हे जमलं. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि याच्या आधीचं वाक्य मी गाळलं असतं.