चित्रातला कोट

दादा,

तू लिहिलेलं नाताळचं चित्रांचं पुस्तक घरात आल्यापासून मला बाबांना रोज तेच वाचून दाखवावं लागायचं. त्यातला मुलगा आजारी वडिलांसाठी स्वतःचा कोट उसवतो आणि त्याचं पांघरूण शिवतो. वडील डोळे पुसतात, सगळं घर मेणबत्त्यांभोवती बसतं. चित्रं सुंदर आहेत. त्यात बहीण कुठेच नाही.

कोट माझा होता. उसवला मी, शिवला मी. तू त्या नाताळात घरी फिरकलाही नव्हतास. फोनवर मीच तुला हौसेनं सगळं सांगितलं होतं.

बाबांना शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं, म्हणून पुस्तकच खरं झालं. मी भरवत असताना ते पांघरूण चाचपत म्हणायचे, "माझ्या लेकानं दिलंय बरं का. ओळखता तुम्ही त्याला?"

"ओळखते तर," मी म्हणायचे.

एकदा वाचताना मी मुलाच्या जागी मुलगी म्हटलं. त्यांनी माझा हात ढकलला. "नीट वाचा हो, बाई." त्यानंतर मी नीट वाचत राहिले.

आज सकाळी ते गेले, हे तुला फोनवर कळवलं. एवढं मात्र सांगितलं नाही की जाण्याआधी ते तुझ्या नावानं हाका मारत होते, थांबेचनात. शेवटी मी आवाज जाड करून ओ दिली. मग ते शांत झाले.

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर पुढच्या नाताळात याचंही पुस्तक येईल, आणि त्यात ओ तू दिलेली असशील.

धाकटी