ओरडून सांगण्याजोगं

३ ऑगस्ट

प्रिय चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रागवायचं असेल तर खुशाल रागव, मला काही ऐकू यायचं नाही. कानांसाठी नवं मशीन आणलं होतं. त्यातून माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू येतात, म्हणून काढून कपाटात ठेवलं. आता कुणी समोर बसून घसा ताणला तरच डाव्या कानात थोडंफार शिरतं. फोनचं तर नावच नको. म्हणून तुला माझ्या या अक्षराशी झुंजावं लागतंय.

हे गेल्याला ऑक्टोबरात वर्ष होईल. हे होते तोवर कान गेल्याचं मला एवढं जाणवलंच नाही. कुणी काही बोललं की हे माझ्याकडे तोंड करून तेच सावकाश परत सांगायचे, वर पदरचे दोन शब्द घालायचे. आता घर गप्प आहे.

ठकी सुटीत चार दिवस राहून गेली. अभ्यास कसा चाललाय विचारलं तर ओरडून म्हणाली, छान. मैत्रिणी? छान. जेवणखाण? छान. पण दिवसभर खिडकीशी पुस्तक घेऊन बसायची आणि पान काही उलटायची नाही. आईच्या डोळ्यांना काय झालंय गं?

तू तिच्याच विद्यापीठात आहेस. पोरांचं कुठे अडतंय, कुणी कुठला विषय घ्यावा, कुणी खचलं तर त्याला कसं उभं करावं, हेच तर तुझं काम. लोकांच्या शेकडो पोरांची खबर ठेवतेस, बहिणीच्या एका पोरीची मला दे. तिचं खरंच बरं चाललंय ना? आता मला ती एकच आहे.

माया आहेच, ती अंतराने पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

११ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षराचं म्हणशील तर ते पूर्वीही असंच होतं, उगाच कानांवर ढकलू नकोस.

सध्या आमची धांदल आहे. आमची खोली जिन्याखाली, आत दोन टेबलं, मध्ये लाकडी पडदा, बाहेर एक लांब बाक. सत्र सुरू झालं की तो बाक रिकामा म्हणून नसतो. मुलं येतात, कुठला विषय सोपा ते विचारतात. खरं विचारायचं असतं ते दाराशी गेल्यावर, जाता जाता तोंडातून निघतं. म्हणून मी प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला उठते. पडद्यापलीकडे जे दुसरे सल्लागार बसतात त्यांना मुलं ‘आजोबा’ म्हणतात. वय माझ्याएवढंच, पण केस पिकलेत आणि कसली म्हणून घाई नाही. कुणाला घरी काही अवघड सांगायचं असलं की ते आधी तालीम घेतात. स्वतः आई किंवा बाप होऊन बसतात आणि मुलाला सांगायला लावतात. मला आधी हसू यायचं, पण त्यांची मुलं घरी जाऊन खरंच बोलतात.

आता ठकीचं. ताई, इथे नियम असा आहे की मुलगी सज्ञान झाली की तिच्या अभ्यासातलं काहीही तिच्या परवानगीशिवाय घरीसुद्धा सांगायचं नाही. आणि नात्यातल्या मुलाचं काम आम्ही हातात घ्यायचंच नाही. तिची तब्येत ठीक आहे, ती अधूनमधून मला दिसते. बाकीचं तू तिलाच विचार, समोर बसवून. रागावू नकोस. दुसऱ्या कुणाच्या बहिणीलाही मी हेच लिहिलं असतं.

तब्येतीला जप आणि या बहिणीवरची माया कमी करू नकोस.

तुझी,
चिंगी

१८ ऑगस्ट

चिंगीस,
आशीर्वाद.

नियम वाचला. सगळं बरं असतं तर तुला नियम आठवला नसता, एवढं मला कान नसतानाही कळतं. हिला तू अंगाखांद्यावर खेळवलंस. आता तिची आई तुला परकी झाली होय? अलीकडे माझ्यापाशी कुणी काही बोलेनासंच झालंय, त्यात तुझी भर.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

ताई

२४ ऑगस्ट

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. समोर आले की तू मावशी होतेस आणि मग मला रडू येतं. परवा तू मला तुमच्या बाकावर पाहिलंस आणि काही न विचारता आजोबांच्या टेबलाकडे बोट दाखवलंस. तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं तेच बरं झालं.

तुला आता सगळं सांगते. बाबा गेले आणि लगेच परीक्षा आली. मी ती दिली, नापास झाले. पुढच्या परीक्षेतही तेच. मी वर्गात जाते गं. सर बोलतात, फळा भरतो, पुसला जातो आणि माझ्या वहीत नुसती वरची तारीख असते. आजोबांनी नीट समजावलं. सप्टेंबर संपायच्या आत मी स्वतःहून एक वर्ष थांबायचा अर्ज केला तर माझी जागा राहील. नाही केला आणि याही वेळी नापास झाले, तर नाव कायमचं कमी होईल. मला इथे परत यायचंय, मावशी. फक्त आत्ता जमत नाहीये.

पण आईला न सांगता मी अर्ज करणार नाही. आणि तिला सांगू कसं? तिला सांगायचं म्हणजे ओरडायचं. शेजारपाजारच्यांना आधी कळेल, मग आईला. मी नापास झाले, हे एकदा तू ओरडून म्हणून बघ. पत्रातून कळवावं तर ती एकटी असताना वाचेल, तेही नको. आणि बाबांबद्दल तर ते गेल्यापासून आम्ही दोघी एक वाक्य बोललेलो नाही.

आजोबा माझी तालीम घेणार आहेत. त्यांनी विचारलं, आई काय म्हणेल. मला काही सुचेचना. ती आता काय म्हणेल हे मला खरंच माहीत नाही, याचंच रडू आलं. तू तिची बहीण. ती काय काय बोलेल ते तू त्यांना सांगशील? माझी परवानगी आहे असं समज. आईला मात्र माझ्याआधी काही कळवू नकोस.

तुझीच,
ठकी

१६ सप्टेंबर

चिंगीस,
आशीर्वाद आहेतच, पण आज आधी राग.

ठकी शनिवारी आली. खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि बोलायलाच लागली. मी गॅस बंद केला. ओलं फडकं हातातच होतं. शाळेतली पोरं पाठ केलेलं म्हणून दाखवतात ना, तशी एकेक शब्द तोडून मोठमोठ्याने बोलत होती. दोनदा नापास झाले, म्हणाली. वर्षभर थांबायचं आहे, म्हणाली. ते माझ्या डोक्यात उतरतंय तोच म्हणाली, बाबांच्या कष्टांचं मी मातेरं केलेलं नाही. मग म्हणाली, लोक काय म्हणतील याच्याशी मला कर्तव्य नाही. मग म्हणाली, मावशी तिथे असून काय उपयोग, असं बोलू नकोस, तिचा यात दोष नाही. चिंगे, मी तोंड उघडलं नव्हतं. एक शब्द बोलले नव्हते, आणि पोर मला उत्तरं देत सुटली होती.

हे सगळं मी कधी म्हणाले, असं विचारलं तेव्हा ती गोंधळली. मग पिशवी उतरवून खाली बसली आणि तालमीचं सांगितलं. तुमचे ते आजोबा माझ्या जागी बसले, आणि माझ्या तोंडी घालायची वाक्यं तू पुरवलीस.

अशी आहे का गं मी? मी फटकळ आहे, कबूल. लहानपणी तुझी वेणी ओढली असेल, तेही कबूल. पण बाप गेलेल्या पोरीला त्याच्याच कष्टांवरून टोमणा मारीन, अशी तुला मी दिसते? हे गेल्यापासून माझ्याशी कुणी धड बोललेलं नाही, मग मी काय म्हणेन ते तुम्हाला कळलं कुठून? तुम्ही सगळे मला ओरडून सांगता येईल तेवढंच सांगता. जेवलीस का. औषध घे. सगळं छान. खरं काही असलं की ते ओरडून सांगण्याजोगं नसतं, म्हणून ते राहूनच जातं. मी समजत होते माझे फक्त कानच गेलेत.

ती आत पडून आहे. दोन दिवस झाले, मी अजून तिला काही बोललेले नाही. काय बोलणार? जे बोलीन त्याचं उत्तर तिच्याकडे तयार असणार. अर्ज महिनाअखेर जायला हवा म्हणे आणि माझ्या होकारावाचून ती सही करणार नाही. मी काय बोलू ते आता तूच कळव. तुला माझी वाक्यं येतात ना.

ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि बाहेर जाऊन मुलांच्या बाकावर बसून राहिले. एका मुलीने मला विचारलं की तुमचा नंबर कधी आहे. खरं तर तिचं काही चुकलं नव्हतं.

तू अशी नाहीस, ताई. मी आजोबांना जी बाई सांगितली ती मला भेडसावणारी होती. मावशी असून काय उपयोग, हे तू कधीच म्हणाली नव्हतीस. मीच स्वतःला रोज म्हणत होते. माझ्या डोळ्यांदेखत ठकी खंगत गेली आणि ती बाकावर दिसेपर्यंत मला पत्ता लागला नाही. तू जाब विचारशील या भीतीने मी गारठले होते, आणि ती भीती मी पोरीच्या पदरात टाकली. मला माफ कर. आजोबांनाही सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले की आपण आईला खुर्चीत बसवतो, पण आईला कधी विचारत नाही. त्यांनी तुला नमस्कार कळवला आहे. फार ओशाळलेत बिचारे.

आता कामाचं. ठकीने सांगितलंच आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. वर्षभर थांबणं म्हणजे हाकलून देणं नव्हे. दर वर्षी काही मुलं थांबतात, आणि परत येतात ती बहुतेक तरून जातात. पण घरी आली म्हणून लगेच तिला पुस्तकांना जुंपू नकोस. ती कुठल्या विषयात अडलेली नाही. भावजी गेले त्या दिवसांतच ती कुठेतरी अडकून बसली आहे, आणि ते आमच्या खोलीत सुटण्यासारखं नाही. आम्ही अर्ज भरून देऊ, विषय बदलून देऊ, कचेरीच्या खिडकीवर तिच्यासोबत उभे राहू. त्यापुढचं तुझ्याकडे आहे.

तू काय बोलावंस ते मी कळवणार नाही. मला तुझी वाक्यं येत नाहीत. तुझी तूच बोल.

रागावलेली असलीस तरी माझीच राहा.

चिंगी

२९ सप्टेंबर

प्रिय चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

अर्ज काल रवाना झाला. ठकीने सही केली तेव्हा मी शेजारी होते. जागा राहील असं तुमच्या आजोबांनी तिला कळवलं, म्हणजे तेवढी काळजी मिटली.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी दोन खुर्च्या खिडकीशी ओढल्या. तिच्या तोंडावर उजेड पडेल अशा, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. तिला बसवलं आणि सांगितलं, आजपासून ओरडणं बंद. हळूच बोल, मी तोंडाकडे बघते. नाही कळलं तर परत विचारीन, दहादा विचारीन, कंटाळायचं नाही. सुरुवातीला तिला जमेना, मलाही निम्मं समजेना. एकेका वाक्यापाशी आम्ही किती वेळ अडत होतो. पण बाई गं, वर्षभरात पहिल्यांदा मी तिचा चेहरा पाहिला. ओरडताना माणसाचा चेहरा दिसत नाही.

हे गेले त्या सकाळी दवाखान्यात ठकी एकटीच होती, हे तुला माहीत आहे. मी पोचेपर्यंत संपलं होतं. शेवटी काय बोलले ते मी तिला कधी विचारलं नाही. तिला ते ओरडून सांगावं लागलं असतं, म्हणून. त्या दुपारी विचारलं. तिने सांगितलं. हे म्हणाले होते की मी नसेन तेव्हा आईला सगळं सांगत जा, तिला एकटी पाडू नकोस.

आणि तेच तिला जमलं नव्हतं. बापाने सांगितलेलं एकच काम. नापास झाल्याची लाज तिला नव्हतीच, चिंगे. ती प्रत्येक सुटीत हे सांगायला म्हणून यायची आणि ‘छान’ असं ओरडून परत जायची.

मग मात्र मी रागावले. इतकी की शेजारची बाई दारातून डोकावून गेली. नापास झालीस म्हणून नाही. त्यांचं शेवटचं बोलणं वर्षभर एकटीने उराशी धरून बसलीस, मला त्यातलं काही दिलं नाहीस, म्हणून. ते तुझ्या एकटीचे होते का, असंही म्हणाले. बोलता बोलता मी रडायला लागले. तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही तिने. या रागाची तिची तालीम झालेली नव्हती.

तुझ्यावरचा राग अजून निम्मा शिल्लक आहे. तो पत्रातून जायचा नाही, तेव्हा सवड काढून ये आणि समोर बस. तोवर या म्हातारीला विसरू नकोस.

तुझी,
ताई